बुधवारची आली होती

सुजाता,

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी तुझ्यावर चिडलेली होते. तासाभरापूर्वीच आपण फोनवर भांडलो होतो आणि तो राग अजून डोक्यात होता. तुझ्या भावाचं नाव दिसल्यावर मला वाटलं, तूच त्याला मध्ये घातलं असणार. म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, मी ऐकणार नाहीये." तो मग म्हणाला, "ताई, सुजू गेली."

मी विचारलं, "शाळेत ना? मला माहितीये." कारण त्या सकाळी तू पूर्णा गावातल्या शाळेत शिक्षकांशी बोलायला जाणार होतीस. मिलिंद रडायला लागला, तरी मला कळेना की हा शाळेवरून का रडतोय. शेवटी त्याच्या बायकोने फोन घेतला आणि सरळ सांगितलं. घरातून निघताना जिन्यात खाली बसलीस. शेजारच्यांनी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. दवाखान्यात नुसतं न्यायचं म्हणून नेलं.

काल्हेरच्या आमच्या घरून निघताना मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या माझ्यावरच ओरडल्या. "ती बाय परवा हितं बसून भाकरी खाऊन गेली. न्हाय, कोनीतरी चुकीचं सांगितलंय तुला. पुन्हा फोन लाव." आणि मी खरंच लावला, तुझ्याच नंबरवर. वाजत राहिला.

मी रडले नाही. लोकांना वाटलं असेल, ही बाई दगड आहे. खरं सांगू? मी तुला द्यायची उत्तरं जुळवत होते. तुला स्मशानात नेलं, भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. आणि मनात चाललं होतं, हिला आता हा मुद्दा सांगते, मग बघू काय म्हणते. फोन ठेवताना तू म्हणाली होतीस, "तुझं चुकतंय. आल्यावर सांगते का ते." तुझी नेहमीची सवय. अर्धं बोलायचं, अर्धं चहाबरोबर ठेवायचं. मी त्या चहाची वाट बघत होते.

भांडण कशावरून, ते तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मी बोबड्या, अडखळणाऱ्या, मुक्या पोरांना बोलायला शिकवते. तू त्यांच्या मनाचं बघायचीस. भिवंडीत औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मधे एक प्लायवूडची भिंत, मागच्या गल्लीत दिवसभर लूमचा खडखडाट. माझ्याकडच्या एखाद्या मुलाचं अडखळणं नुसतं जिभेचं नाही असं वाटलं, की मी त्याला तुझ्या खोलीत पाठवायचे. आणि तू पहिल्याच दिवशी, पोर खुर्चीत नीट टेकायच्या आत, बटणांचा डबा त्याच्या पुढ्यात ओतून तेच वाक्य म्हणायचीस. "तू मला काहीही सांग. मी कोणाला सांगणार नाही. पण तुला कोणी दुखवत असेल, नको तिथे हात लावत असेल, घाबरवत असेल, तर ते मी माझ्याजवळ ठेवणार नाही. ते थांबवू शकतील अशा माणसांना मी सांगणारच."

भिंतीपलीकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. आणि मला ते कधीच पटलं नाही. माझ्याकडे एक शब्द उच्चारायला पोरं महिना घेतात. त्यांच्या तोंडाचं दार किती हळू उघडतं, ते मला माहीत आहे. तू तर दार उघडायच्या आधीच सांगत होतीस, की आत जे सापडेल ते बाहेर नेईन. कोण बोलेल मग? त्या सकाळी मी तेच म्हणत होते. नवा मुलगा आहे, चार वर्षांचा, अजून तुझ्याकडे बघतही नाही. या वेळी तरी पहिल्या दिवशी ते वाक्य नको. दोन-तीन वेळा येऊ दे, रुळू दे.

तू म्हणालीस, "आणि रुळल्यावर सांगू? त्याने सगळं सांगून टाकल्यावर? म्हणजे फसवूनच घेतलं की."

मी म्हणाले, "बुधवारचीला सांगितलं होतंस ना आधी? काय झालं तिचं?"

तेव्हा तू म्हणालीस, माझं चुकतंय.

बुधवारची. तिचं खरं नाव आपण दोघी एकमेकींशी बोलतानाही घेत नव्हतो, इथेही घेणार नाही. ती बुधवारी यायची म्हणून बुधवारची. तिच्या आईला विचारून हे लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं गाळलंय. तेव्हा ती आठ वर्षांची होती. आधी चांगलं बोलणारी मुलगी एका पावसाळ्यात अडखळायला लागली म्हणून आईने तिला माझ्याकडे आणलं. मी श्वासाचे व्यायाम दिले, लयीत बोलायला शिकवलं, काही उपयोग होईना. एकदा मी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? आई, बाबा, आजी म्हणेपर्यंत नीट बोलली. पुढचा शब्द आलाच नाही. 'का' वर अडकली आणि तिच्या मानेच्या शिरा ताठल्या. मी त्याच दिवशी तिला तुझ्या खोलीत पाठवलं.

तुझं वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलं. मनात म्हटलं, झालं, आता ही कधीच बोलणार नाही.

पुढे काही आठवडे ती नुसती बटणं लावत बसायची. रंगांप्रमाणे, मग आकाराप्रमाणे, मग भोकांप्रमाणे. तू घाई केली नाहीस. मग एका बुधवारी तू तिला माझ्याकडे बसवलंस आणि मला बाहेर जिन्यावर बोलावलंस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र साधा होता, जणू भाजी काय आणायची ते विचारतेयस.

"तिच्या बाबांचा मोठा भाऊ. एकाच घरात राहतात. मी पोलीस स्टेशनला चाललेय."

"थांब. आधी आईला तरी सांग."

"सांगूनच जाणार. बरोबर येतेस का, विचारणार. नाही आली तरी जाणार."

"आणि पोरीचा काही गैरसमज असला तर? तुझा असला तर?"

"तर पोलीस म्हणतील, गैरसमज आहे. खरं-खोटं करणं माझं काम नाही. शंका आली की कळवायचं, कायदा एवढंच म्हणतो. खात्री करत बसायला सांगत नाही. आणि आता तुलाही कळलंय. मी नाही गेले, तर तुला जावं लागेल."

मी एक पायरी खाली उतरले. "मला कशाला सांगितलंस मग?"

"तूच पाठवलंस ना तिला? कुठला शब्द अडतोय, ते तुझ्याच कानाला कळलं होतं."

मी म्हणाले, "सुजाता, त्या पोरीने विश्वास तुझ्यावर टाकला होता. कायद्यावर नाही."

तू पदर खोचलास आणि आईला आत बोलावलंस.

आईने तुझे पाय धरले. मी भिंतीपलीकडे तिच्या मुलीला घेऊन बसले होते आणि मुद्दाम मोठमोठ्याने गोष्ट वाचत होते. तरी ऐकू येत होतंच. "मॅडम, मी त्याला घरात पाऊल ठेवू देनार न्हाय. मी पोरीला घेऊन झोपेन. तुमाला काय पायजे ते करीन. फक्त भायेर जाऊ देऊ नका." तू तिला उठवलंस, पाणी दिलंस. "ताई, हे माझ्या हातात नाही," असं तू म्हणालीस आणि मला तुझा भयंकर राग आला. हातात नाही काय? तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?

ती तुझ्याबरोबर आली नाही. तू एकटी गेलीस. साध्या साडीतल्या पोलीसबाई त्यांच्या घरी गेल्या, पोरीचं म्हणणं लिहून घेतलं, काकाला नेलं. घर काकाच्या नावावर होतं. बाप भावाच्या बाजूने उभा राहिला. आई पोरीला घेऊन माहेरी गेली, गणेशपुरीच्या रस्त्याला लागलेल्या एका गावात. त्याहून जास्त लिहीत नाही. जाण्याआधी ती जिना चढून आली आणि बसलेल्या सगळ्या आयाबायांसमोर तुला म्हणाली, "दार लावून माझ्या पोरीच्या तोंडून काढलंत, आनि भायेर वाटलंत. तुमचं भलं होनार न्हाय." तू उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस, कारण सफाई द्यायची तर पोरीचं नाव निघालं असतं.

मग काकाची माणसं आली. दारावर लाथा मारल्या. तुला, तुझ्या जातीला शिव्या घातल्या. त्या मी लिहीत नाही. आयांनी पोरं काढून घेतली, तुझीही आणि माझीही. बाहेरच्या बाकावर धूळ बसायला लागली. मी तुला म्हणाले, "बघ, एका पोरीसाठी बाकीची किती पोरं गेली. आणि तीही गेलीच." बाल कल्याण समितीतून तिला मदतनीस बाई मिळाली होती, तू फोन करकरून तिची चौकशी करायचीस, कोर्टात साक्ष द्यायला ठाण्याला जायचीस, सगळं केलंस. पण ती मुलगी पुन्हा तुझ्यासमोर बसली नाही. बाक पुन्हा भरला तरी बुधवारची ती वेळ तू कितीतरी महिने दुसऱ्या कोणाला दिली नाहीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "राहू दे, मला चहा प्यायला वेळ लागतो." त्या वेळी तू बटणं निवडत बसायचीस. मी ते पाहिलं होतं आणि कधी बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता फार वाटतं. मी वाद घालायला नेहमी दारात उभी. नुसतं शेजारी येऊन बसायला मात्र मला कधी सुचलं नाही.

तुझा पण काही कमी दोष नाही. तू सगळं आत ठेवायचीस. लोकांच्या पोरांना 'बोल, बोल' म्हणायचीस आणि छातीत दुखतंय हे मिलिंदलाही सांगितलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, दुखत असणार. दुखत होतं का गं? आमच्याकडे भाकरी खायला आलीस तेव्हाही? वांग्याचं भरीत दोनदा वाढून घेतलंस, सासूबाईंशी त्यांच्या बोलीत बोलायचा प्रयत्न केलास, त्या हसून लोळल्या. मी समोर बसले होते. मला काही दिसलं नाही.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. वस्तीतल्या पोरांनी लावला. फोटो कुठल्या तरी लग्नातला, केसात गजरा, तू बघितला असतास तर शिडी मागवून स्वतः काढला असतास. मी रिक्षातून जाताना तिकडे बघत नाही. पण गोडाऊन कंपनीच्या बसमधून जाताना तो फ्लेक्स कोणालातरी दिसला.

विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पांढऱ्या साड्यांच्या रांगा बसलेल्या. मी मिलिंदच्या बायकोजवळ मागे होते. वंदना झाली, लोक तुझ्याबद्दल बोलले. खरं सांगते, कोण काय बोललं, काही आठवत नाही. पाणी प्यायला बाहेर आले तर चपलांच्या ढिगाशी एक बाई उभी होती. गोडाऊनचं निळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र. शेजारी शाळेच्या गणवेशात एक मुलगी, माझ्या खांद्याला लागेल एवढी. बाईला मी ओळखलं. मुलीला ओळखायला वेळ लागला.

मला वाटलं, ही आता इथे तमाशा करणार. मी पुढे होऊन म्हणाले, "आत या ना."

"आत न्हाय येत," ती म्हणाली. "मी मॅडमला भांडायला येनार होती. तीन वर्सं झाली, रोज ड्युटीवर खोके भरताना मनात बोलते मी तिच्याशी. असं बोलीन, तसं बोलीन. पाठ झालंय सगळं. आनि परवा बसमदनं बघते तर फोटो. खाली श्रद्धांजली." तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तुला कुठेतरी लपवलंय. "आता मी कोनाला बोलू?"

काय सांगू तुला, सुजाता. तू गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मनातलं बोललं होतं.

आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो. तिने सांगितलं, केस चालू आहे, तारखा पडतात. काका जामिनावर आहे, दुसऱ्या गावाला. नवरा अधूनमधून येतो, पोरीसमोर मान वर करत नाही. घर गेलं ते गेलंच. ती सगळं सांगत होती आणि मुलगी आमच्यामध्ये बसून ऐकत होती. एकदाही अडखळली नाही; कारण ती बोललीच नाही.

मग आई म्हणाली, "घराचं मी सोडून दिलं असतं. पन ही. ही मला न्हाय बोलली. मी हिची आई. रात्री हिच्याच अंगावर हात टाकून झोपायची मी. आनि सांगितलं कोनाला, तर पगारी बाईला. असं काय केलं हुतं त्या बाईनं हिच्यावर? हेच मला तिला विचारायचं हुतं." आणि ती मुलीकडे वळली. हा प्रश्न तिने घरात शंभरदा विचारला असणार, ते कळत होतं. "बोल की. आता ती बाय पन न्हाय. आता तरी बोल. तिला का सांगितलंस?"

मुलगी आपल्या बुटांकडे बघत म्हणाली, "ती पहिल्याच दिवशी बोललेली, की असं काही असलं तर मी माझ्याजवळ ठेवणार नाही."

"मग?"

"मग म्हणून तिला सांगितलं."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मी विचारलं, "ती सांगणार, हे माहीत असूनसुद्धा?"

"सांगणार होती म्हणूनच," ती म्हणाली. तिचा 'स' किंचित लांबला, पण शब्द आला. मग तिने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. रागाने नाही. "तू बोलली असतीस, कोणाला सांगू नको."

आईचं तोंड उघडं राहिलं होतं. आतून लोकांचे आवाज येत होते, कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मी तीन वर्षं तुला ऐकवत आले, की त्या वाक्याने पोरं गप्प होतात. आणि ही आठ वर्षांची पोर कित्येक आठवडे बटणं लावत बसली होती, ती घाबरून नाही. तू खरंच सांगशील ना, याचा अंदाज घेत बसली होती. तुला हे माहीत होतं का? की तुलाही नव्हतं, आणि बुधवारी एकटी बसून तू माझंच खरं मानत होतीस? हे मला आता कोणी सांगू शकणार नाही. मी आत पळत जाऊन तुझ्या फोटोसमोर हे ओरडून सांगणार होते. वेड लागल्यासारखं उठलेही. पण आईने माझा हात धरून खाली बसवलं.

ती बराच वेळ रडली. मुलगी तिच्या पाठीवर थोपटत होती, मोठ्या बाईसारखी. ते बघवत नव्हतं. त्या पोरीला अजून कोणीतरी हवं आहे हे मला दिसत होतं, तिची आई तिला पुरणार नाही, हेही दिसत होतं. पण ती आई वाईट नाही, सुजाता. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. तिला लपवायचं होतं, कारण लपवून जगता येतं एवढंच तिला आजवर शिकवलं गेलं होतं. या एका गोष्टीत मी हरलेली नाही. यावर आपण आणखी भांडलो असतो.

मी त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी लागली, मुलगी पुढे चढली, खिडकीजवळ जाऊन बसली. आई पायरीवर एक पाय ठेवून थांबली. कंडक्टर ओरडला तरी थांबली.

"तुमच्याकडं तिच्यासारखी दुसरी कोन बाय हाय का?" तिने विचारलं.

"हिच्यासाठी? मी बघते ना, मी..."

"हिच्यासाठी तर बघाच," ती म्हणाली. "पन माझ्यासाठी. मला बी बोलायचंय."

मी म्हणाले, शोधते. गाडी निघून गेली, आणि मी तिथे उभी राहून तुझ्याऐवजी भिवंडीत कोण आहे ते आठवत राहिले. कोणी नाही, सुजाता. एकही नाव आठवलं नाही. मी तिला शब्द दिलाय.